एकाच वडाच्या तीन पारंब्या : स्क्रोल सॉवरच्या एका मोडलेल्या कामाची तपासणी

तिसरी पारंबी तुटली तेव्हा मशीन बंद होतं, पातं काढून ठेवलेलं होतं आणि माझ्या चिमटीत कागदाचं एक टोक होतं. लाकडावर चिकटवलेला नक्षीचा कागद सोलत होते. काडेपेटीतली काडी मोडावी तसा बारीक ‘टक्’ आवाज झाला. पहिली पारंबी तुटली तेव्हा मी सगळा दोष पात्यावर ढकलून मोकळी झाले होते. आता पातं तर खोक्यात होतं.

कामाची थोडी ओळख करून देते. स्क्रोल सॉ म्हणजे टेबलावर बसणारी, नाजूक पात्याची उभी करवत. पातं ५ इंच लांब असतं आणि वरखाली होतं. लाकूड आपण हाताने फिरवायचं. पातं इतकं अरुंद असतं की जागच्या जागी वळणं घेता येतात. आत बंदिस्त असलेला आकार कापायचा तर आधी ड्रिलने भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत अडकवायचं, ताण द्यायचा आणि मग कापायचं. तो तुकडा पडला की पुन्हा सोडवायचं आणि पुढच्या भोकात ओवायचं. जाळीकाम म्हणजे हेच, पण शेकड्याच्या हिशेबात.

माझी नक्षी होती वडाच्या झाडाची. मध्ये जाडजूड खोड, दोन्ही बाजूंना पसरलेल्या फांद्या, वर पानांची जाळी आणि फांद्यांवरून खाली येणाऱ्या ११ पारंब्या. त्यांतल्या ७ जमिनीला टेकलेल्या, ४ अधांतरी. चौकटीसकट सगळं एकाच फळीत, ३२ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच. आरपार कापायच्या जागा ८८. फळी सागवानी, ६ मिलिमीटर जाड. पारंब्या कागदावर २ मिलिमीटर रुंद आखलेल्या होत्या आणि सर्वांत लांब पारंबी साधारण ८ सेंटिमीटर होती.

नक्षी मुळात बर्च प्लायवूडसाठी आखलेली होती, तसं तिच्या कोपऱ्यात लिहिलेलंही होतं. मी ते वाचलं होतं. वाचून मनात आलं ते असं, की इतकी मेहनत करायची तर प्लायमध्ये का, खऱ्या लाकडात करू. या हौसेत पडलेल्या बहुतेकांना कधी ना कधी ‘खऱ्या लाकडा’चा हा ताप चढतो. प्लाय म्हणजे काहीतरी हलकं, सरावापुरतं, अशी एक उगाचच आढ्यता असते. मलाही होती.

घटनाक्रम असा. चौथ्या रविवारी, ७१ वी जागा कापत असताना, डावीकडची एक अधांतरी पारंबी थरथरली आणि तुटली. मी नवं पातं लावलं आणि पुढे गेले. त्याच दिवशी ७९ व्या जागेसाठी पातं ओवायला फळी उचलली, तेव्हा जमिनीला टेकलेली एक पारंबी वरच्या बाजूने सुटली. या वेळी बोट लागलं असेल, असं म्हटलं. तिसरी कागद सोलताना गेली, ते वर आलंच आहे.

पहिली तुटली कापताना, दुसरी उचलताना, तिसरी सोलताना. हे मी वहीत एकाखाली एक लिहिलं तेव्हाच खटकायला हवं होतं. प्रसंग तिन्ही वेगळे, मग कारण एकच कसं असेल, असाच विचार आधी आला. प्रसंग वेगळे असूनही परिणाम एकच असेल तर प्रसंगांत न शोधता तिन्ही ठिकाणी जे समान होतं तिकडे पाहायचं, हे सुचायला आणखी एक आठवडा लागला.

पातं, टेबल आणि माझी बोटं

पात्यावरचा संशय अगदीच हवेतला नव्हता. सागवानात नैसर्गिक सिलिका असते. म्हणजे लाकडाच्या पेशींत वाळूच्याच जातीचे बारीक कण असतात, आणि ते धार खातात. सागवानावर रंधा मारलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. माझं पातं ५ नंबरचं होतं, रुंदी सुमारे १ मिलिमीटर आणि जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर. प्लायमध्ये असं पातं बराच वेळ टिकतं. सागवानात पंधरा-वीस मिनिटांनीच ते कापायचं सोडून ढकलायला लागतं. धार गेल्याची खूण साधी आहे. भुशाऐवजी पीठ पडू लागतं, कापाच्या कडा तपकिरी होतात, आणि नकळत आपण लाकूड जास्त जोराने पुढे रेटू लागतो. तो जादा रेटा बारीक पारंबीवरच येतो. माझ्या वहीप्रमाणे पहिली पारंबी तुटली तेव्हा ते पातं ४० मिनिटं चाललेलं होतं. ही चूक माझीच.

पात्याला खालच्या टोकाशी काही उलटे दातेही असतात, वर तोंड केलेले. पातं वर जाताना ते खालच्या बाजूचे टवके साफ करतात. पण त्याच वेळी ते लाकूड उचलूही पाहतात. पातं सर्वांत वर असताना टेबलाच्या वर उलटे दोन-तीनच दाते दिसावेत, असं ते बसवायचं. माझे पाच दिसत होते. त्यामुळे दर फेऱ्याला पारंबीला खालून एक टिचकी बसत होती. मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे धरले तर टिचक्याही तितक्याच.

पात्याचा ताण ठीक होता. बोटाने छेडल्यावर स्वच्छ, उंच आवाज येत होता आणि बाजूला दाबल्यावर पातं ३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत नव्हतं.

टेबल मात्र सरळ नव्हतं. हे तपासायची एक युक्ती आहे, तिला गुण्यासुद्धा (काटकोन तपासायचं सुतारी हत्यार) लागत नाही. लाकडाचा एक जाड ठोकळा घ्यायचा आणि त्यात पात्याने जेमतेम दोन मिलिमीटर खाच पाडायची. मग ठोकळा टेबलावरच अर्धा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूने ती खाच पात्याला भिडवायची. टेबल काटकोनात असेल तर पातं खाचेत अलगद बसतं. नसेल तर वर बसतं आणि खाली अडतं, किंवा याच्या उलट. माझं टेबल सुमारे एका अंशाने कललेलं होतं.

एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ६ मिलिमीटर जाडीत एका अंशाला ०.१ मिलिमीटर फरक पडतो. मी प्रत्येक जागा एकाच दिशेने गोल फिरवत कापते. त्यामुळे पारंबीच्या दोन्ही बाजूंचा कल आरशासारखा उलटा पडतो आणि पारंबी वरून जितकी रुंद असते त्यापेक्षा खालून ०.२ मिलिमीटर अरुंद होते. शिवाय मी कागदावरच्या रेषेच्या मधोमध कापत होते. पातं आपल्या जाडीइतकं लाकूड खातं, त्यातलं अर्धं या बाजूचं आणि अर्धं त्या बाजूचं. २ मिलिमीटरच्या पारंबीतून दोन्हीकडून ०.२ गेले की उरतात १.६. व्हर्निअर कॅलिपरने मोजलं तेव्हा १.५ ते १.७ हेच आकडे आले. बाजूने येणारा दाब सोसायची ताकद रुंदीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून १.६ ची पारंबी २ च्या पारंबीपेक्षा पाचवा हिस्सा नव्हे, तर एक तृतीयांशाहून जास्त कमजोर ठरते. कागदावर २ लिहिलंय म्हणून मी २ धरून चालले होते.

माझी बोटंही या यादीत येतात. पात्याभोवती टेबलाला जी फट असते ती माझ्या मशीनमध्ये चांगली अंगठ्याएवढी आहे. पारंबी त्या फटीवर आली की तिच्याखाली आधारच नसतो, आणि मी तर लाकूड उडू नये म्हणून नेमकं तिथेच बोट दाबून धरत होते.

इतके आरोपी सापडल्यावर मला जरा बरंच वाटलं. टेबल सरळ केलं, दाते नीट बसवले, फटीवर पातळ प्लायचा तुकडा लावून त्यात फक्त पात्यापुरती चीर ठेवली. मग उरलेल्या सागवानी तुकड्यातून, नव्या पात्याने, अगदी सांभाळून एक पारंबी कापली. ती हातात घेऊन फुंकर मारली. तुटली नाही. खिशात ठेवली आणि संध्याकाळी बाहेर काढली तेव्हा तिचे दोन तुकडे झालेले होते.

कंगवे आणि वाळू

आमच्या ओळखीत एक निवृत्त सुतारकाका आहेत. त्यांना तिन्ही तुकडे दाखवले. त्यांनी तुटलेलं तोंड उजेडाकडे धरलं, नखाने एकदा खरवडलं आणि विचारलं, “फळीची रेषा कुठून कुठे जाते गं?”

“आडवी. चित्र आडवं आहे ना, काका. फळीची लांबी तशीच बसत होती.”

“आणि पारंब्या?”

“उभ्या.”

ते पुढे काहीच बोलले नाहीत. तुकडे माझ्या तळहातावर ठेवले आणि चष्मा काढून खिशात घातला.

लाकूड म्हणजे लांबलचक नळ्यांची जुडी. झाड उभं वाढतं, त्याच्या पेशीही खोडाच्या दिशेनेच लांब असतात. काका जिला रेषा म्हणाले ती हीच, या नळ्यांची दिशा. प्रत्येक पेशीची भिंत सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेली असते, आणि या नळ्या एकमेकींना धरून ठेवतं मुख्यतः लिग्निन. लांबीच्या दिशेने ओढलं तर धागे तोडावे लागतात. आडवं ओढलं तर नळ्या फक्त एकमेकींपासून सोडवायच्या असतात. बहुतेक लाकडांची आडवी ताणशक्ती लांबीच्या ताणशक्तीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. जळण फोडणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय कळतं. कुऱ्हाड रेषेत घातली की ओंडका फाकतो, आडवी घातली की नुसती रुतते. माझ्या पारंब्यांची लांबी रेषेला आडवी होती. आठ सेंटिमीटर लांबीत एकही धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नव्हता. जात होते ते फक्त दीड-दोन मिलिमीटरचे तुकडे, एकमेकांना चिकटून रांगेत उभे. खिशातली पारंबी तुटली नसती तरच नवल.

तरीही फरक नेमका किती, हे मला पाहायचं होतं. म्हणून कंगवे कापले. एकेका कंगव्याला पाच दाते, प्रत्येक दाता ८० मिलिमीटर लांब, ६ जाड आणि कॅलिपरने मोजून २ रुंद. एक कंगवा सागवानाचा, दाते रेषेच्या दिशेने. दुसरा सागवानाचाच, दाते रेषेला आडवे. आणखी दोन ६ मिलिमीटरच्या बर्च प्लायचे, दोन्ही दिशांनी. कंगव्याची पाठ टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळली, दात्याच्या टोकाला दोऱ्याने छोटी पिशवी अडकवली आणि चमच्याने तिच्यात वाळू टाकत गेले. दाता मोडला की पिशवी वजनकाट्यावर. ही काही प्रयोगशाळा नव्हे, आणि पाच दात्यांवरून कोणी नियम बांधू नये. पण फरक इतका मोठा निघाला की बारीक चुकांनी तो पुसला जाणार नव्हता.

रेषेच्या दिशेचे सागवानी दाते सव्वा किलोच्या आसपास मोडले. आडवे दाते ५० ते ९० ग्रॅममध्येच गेले, त्यातला एक तर पिशवी अडकवताना. प्लायचे दाते एका दिशेने किलोच्या आगेमागे आणि दुसऱ्या दिशेने अर्ध्या किलोला मोडले.

प्लायचा आकडा पाहून माझी आढ्यता तिथेच उतरली. ६ मिलिमीटरच्या बर्च प्लायमध्ये पाच थर असतात आणि प्रत्येक थराची रेषा शेजारच्या थराला काटकोनात असते. पारंबी कुठल्याही दिशेने आखा, काही थरांचे धागे तिच्या लांबीभर जाणारच. नक्षी आखणाऱ्याने प्लाय म्हटलं होतं ते स्वस्तात भागवण्यासाठी नव्हे. त्या नक्षीत उभ्या पारंब्या होत्या आणि आडव्या फांद्याही होत्या. दोन्ही दिशांना बारीक काम असेल तर दोन्ही दिशांना रेषा असलेलं लाकूड लागतं. साधी फळी एकाच दिशेला साथ देते.

आता तिन्ही प्रसंगांचा उलगडा होत होता. नक्षीचा कागद स्प्रेच्या गोंदाने चिकटवलेला होता. तो सोलताना शंभर-दीडशे ग्रॅमचा ओढा सहज बसत असेल, आणि ७० ग्रॅमला मोडणाऱ्या पारंबीला तेवढा पुरे. बोथट पातं, उलटे दाते, कललेलं टेबल, बोटाचा दाब, या सगळ्यांनी आपापली टिचकी मारली खरी. पण रेषा उभी असती तर यातली एकही टिचकी पुरली नसती. उलट यातलं एकही नसतं तरी त्या पारंब्या भिंतीवर टांगेपर्यंत टिकल्या असत्या असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र रेषेच्या खात्यावर टाकता येत नाही, ती म्हणजे कापण्याचा क्रम. पारंब्यांच्या मधल्या मोठ्या जागा मी उत्साहाच्या भरात आधी कापून टाकल्या होत्या. मोठा तुकडा धपकन पडला की काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. पण मग उरलेल्या वीस-पंचवीस जागांसाठी फळी उचला, उलटी करा, पातं ओवा, हे सगळं त्या काड्या उघड्या ठेवूनच चालतं. बारीक आणि आतलं आधी, मोठं आणि बाहेरचं नंतर, हे जाळीकामात पहिल्याच दिवशी कानावर पडतं. माझ्याही पडलं होतं.

डागडुजी

तुटलेल्या पारंब्या चिकटवताना एक गंमत कळली. लाकडाचं आडवं कापलेलं तोंड गोंद पिऊन टाकतं आणि सांधा कच्चा राहतो. रेषेच्या बाजूची तोंडं मात्र गोंदाने घट्ट जुळतात. माझ्या पारंब्या रेषेतूनच सुटल्या होत्या, म्हणजे जी तोंडं जुळवायची ती गोंदाच्या आवडीची होती. ज्या कारणाने तुटल्या त्याच कारणाने छान चिकटल्या. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी कापसाच्या बोळ्याने ॲसिटोन फिरवून तोंडं पुसली आणि लगेच सुपरग्लू लावला, रेंगाळले नाही. दोन दिवसांनी त्यातली एक पुन्हा तुटली, पण सांध्यात नव्हे. सांध्याच्या शेजारी, कोऱ्या लाकडात.

दुसरा वड

हीच नक्षी, पुन्हा सागवान. प्लाय घ्यायला हवा होता असं आता कोणीही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण मला हेच झाड याच लाकडात जमतं का ते पाहायचं होतं. हौस म्हणतात ती हीच, दुसरं कारण सांगता येणार नाही.

रेषा उभी घेतली. पारंब्यांचा प्रश्न सुटला आणि फांद्यांचा उभा राहिला, कारण आता फांद्या आडव्या पडल्या. फांद्यांची रुंदी ९-१० मिलिमीटर होती आणि त्यांना वरून पानांचा, खालून पारंब्यांचा आधार होता, म्हणून हा सौदा परवडला. बारीक डहाळ्यांपैकी तीन पुसून टाकल्या आणि चार जाड केल्या. चौकटीच्या वरच्या-खालच्या पट्ट्या मात्र रेषेला आडव्या राहिल्या असत्या तर पहिल्या धक्क्याला गेल्या असत्या. म्हणून चौकट वेगळी केली. चार पट्ट्या, प्रत्येकीची रेषा तिच्या लांबीतून, कोपऱ्यांत अर्धा-अर्धा सांधा. आतल्या कडेला खोबण पाडून झाडाची फळी तिच्यात बसवली, पण चिकटवली फक्त खालच्या कडेच्या मध्यावर. हवेतल्या दमटपणाने लाकूड रेषेला आडवं फुगतं आणि आकसतं. चारी बाजूंनी जखडलं तर ते स्वतःच्या हाताने स्वतःला चिरतं.

पारंबीचा आकारही बदलला. फांदीतून निघते तिथे ३ मिलिमीटर आणि खाली निमुळती होत २. रुंदी दीडपट केली की बाजूचा दाब सोसायची ताकद सव्वादोनपट होते. दिसायलाही हे बरं, खऱ्या पारंब्याही पट्टीने आखल्यासारख्या एकसारख्या नसतात. आधीच्या नक्षीत फांदी आणि पारंबी यांच्यामध्ये टोकदार कोपरे होते. भेग अशाच कोपऱ्यातून सुरू होते. तिथे दीड मिलिमीटरच्या बिटाने भोकं पाडली आणि काप त्या भोकातच संपवला, म्हणजे कोपरा आपोआप गोल झाला.

आधारासाठी सागवानी फळीखाली ३ मिलिमीटरचा टाकाऊ प्लाय लावला, दोन बाजूंना चिकटणाऱ्या पट्टीने. पट्टी फक्त कडेला आणि कापून पडणाऱ्या जागांखाली लावली, पारंब्यांखाली नाही, नाहीतर शेवटी प्लाय सोडवताना कागदाचीच गोष्ट पुन्हा झाली असती. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचं जडावकाम करणारे आपल्या थप्पीला वरून-खालून टाकाऊ पापुद्रे लावून कापतात, त्यामागे हाच विचार. थप्पी करून कापायची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या कारागिराच्या नावाने ओळखलं जाणारं जडावकाम असंच होई. कासवाच्या पाठीचं कवच आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून एकाच वेळी कापायचे. एका कापातून नक्षीचे दोन संच निघत, कवचात पितळ आणि पितळेत कवच, एकमेकांच्या उलट. कवचासारखी कडकडून तुटणारी वस्तू इतकी बारीक कापताना त्यांच्या किती पारंब्या मोडल्या असतील, हा विचार मला बरेच दिवस पुरला.

नक्षीच्या कागदाखाली आधी रंगाऱ्यांची निळी पट्टी लावली, ती हलक्या हाताने निघते. कागदावर पॅकिंगची पारदर्शक पट्टी, तिने कापाच्या कडा जळायच्या कमी होतात. पातं दर पंधरा मिनिटांनी बदललं, धार गेली असो वा नसो. कागदावरच्या रेषेच्या मधोमध न कापता ती रेषा राखून बाहेरून कापलं. पारंब्यांच्या मधल्या जागा सगळ्यांत शेवटी घेतल्या, आणि त्यातही एक युक्ती कामाला आली. कापून निघालेला टाकाऊ तुकडा फेकायचा नाही. तो परत आपल्या जागी बसवायचा आणि वरून चिकटपट्टी लावायची. मग शेजारची जागा कापताना पारंबीला कुशीला कोणीतरी असतं. पात्याची जाडी सोडली तर फळी पुन्हा अखंड असल्यासारखी वागते.

वेळ पहिल्या खेपेपेक्षा जास्त लागला. खाली प्लाय असल्याने एकूण जाडी ९ मिलिमीटर झाली होती आणि पातं हळू चालत होतं. सागवानाचा भुसा नाकातोंडात गेला की घसा धरतो. शिवाय लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. तेव्हा हौसेचं काम म्हणून मास्क टाळायचा नाही.

११ पैकी एकही पारंबी तुटली नाही. दोन जरा तिरक्या आल्या. पातं घडवताना त्याच्या एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, ती बाजू जास्त कापते आणि पातं तिकडे ओढ घेतं. काम किंचित तिरकं धरून ती ओढ मोडायची असते. लांब सरळ काप आला की मी अजून तिथे चुकते. एक डहाळी मात्र गेली. आडवी, साडेतीन मिलिमीटरची, पॉलिश पेपर फिरवताना. पुसायच्या यादीत ती होती, पण तिच्यावर एक पान फार छान बसलं होतं म्हणून ठेवली होती. चिकटवली. माहीत नसलेल्याला दिसत नाही.

शेवटी तेल लावलं. जाळीच्या इतक्या कडांना ब्रश पुरत नाही, म्हणून पसरट भांड्यात तेल ओतून अख्खी फळीच बुडवली आणि जादाचं तेल फडक्याने टिपलं. जवसासारखं वाळणारं तेल वापरलं असेल तर ती फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपसूक पेटू शकतं. उघड्यावर, एकेरी पसरून वाळवायची.

पहिला वड मी टाकला नाही. त्याच्या तुटलेल्या तीन पारंब्या पुन्हा पुन्हा चिकटवत बसण्याऐवजी उरलेली थोटकं कानशीने निमुळती केली, अर्ध्यावरच संपणारी. आता तिथे ११ पैकी ५ टेकलेल्या आणि ६ अधांतरी आहेत, आणि खरं सांगायचं तर झाड पूर्वीपेक्षा बरं दिसतं. दोन्ही वड भिंतीवर शेजारी शेजारी लावलेत. पाहुणे दुसऱ्याचं कौतुक करतात.

काका आले तेव्हा पहिल्यापुढे थांबले. चष्मा लावला, अगदी जवळ गेले आणि कानस मारलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

“ही अजून खाली यायचीय वाटतं,” म्हणाले, आणि चहा मागितला.